पाश्चात्त्य संस्कृती : मावळ-लोणावळा परिसरातील संपर्क व प्रभाव

पाश्चात्त्य संस्कृती : ग्रीक व रोमन परंपरेत उगम पावलेली, ख्रिस्ती धर्माने घडविलेली आणि प्रबोधनकाळापासून विज्ञान, यंत्रोद्योग व लोकसत्ताक राज्यपद्धती यांच्या द्वारा जगभर पसरलेली यूरोपीय संस्कृती. या संस्कृतीचा भारताशी आलेला संबंध बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी राजवटीपासून मोजला जातो. तथापि महाराष्ट्रापुरते पाहता हा संबंध सु. दोन हजार वर्षांइतका जुना असून त्याचे आरंभीचे व अर्वाचीन असे दोन्ही टप्पे एकाच लहानशा प्रदेशात ठळकपणे पाहावयास मिळतात. हा प्रदेश म्हणजे पुणे जिल्ह्याचा मावळ तालुका व त्यातील लोणावळा-खंडाळ्याचा घाटमाथा होय. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर ‘यवन’ दात्यांची नावे कोरलेली आहेत. तेथून अवघ्या काही किमी.वर एकोणिसाव्या शतकातील अभियांत्रिकीचे एक महत्कृत्य मानला गेलेला बोरघाटाचा लोहमार्ग आहे. या दोन टप्प्यांतील संपर्काचे स्वरूप मात्र परस्परांहून अगदी भिन्न होते. ही भिन्नता ध्यानात घेतल्यावाचून पाश्चात्त्य प्रभावाचे यथार्थ मूल्यमापन होऊ शकत नाही.

संकल्पना व जडणघडण : ‘पश्चिम’ ही केवळ भौगोलिक संज्ञा नाही. प्राचीन ग्रीकांनी लिपी फिनिशियनांकडून घेतली. गणित, ज्योतिष व शिल्प यांत ईजिप्त व बॅबिलोनिया यांचे ऋण त्यांच्यावर होते. या सामग्रीवर ग्रीकांनी स्वतंत्र तत्त्वचिंतन, तर्कशास्त्र, नाट्य व नगरराज्यांतील नागरिकत्वाची कल्पना उभी केली. रोमनांनी तिला विधी, शासन व स्थापत्य यांची जोड दिली. ख्रिस्ती धर्म पश्चिम आशियातून आला व इ. स. च्या चौथ्या शतकात रोमन साम्राज्यात प्रतिष्ठा पावला. पाचव्या शतकात पश्चिम रोमन साम्राज्य लयास गेल्यावर ग्रीक विद्येचा मोठा भाग बायझंटिन व अरब विद्वानांनी जतन केला. अरबी भाषांतरांच्या द्वारा ती विद्या बाराव्या शतकापासून लॅटिन यूरोपात पुन्हा पोहोचली. तिच्याबरोबरच भारतीय दशमान अंकपद्धतीही तेथे गेली. पुढे प्रबोधन, धर्मसुधारणा, सतराव्या शतकातील वैज्ञानिक क्रांती, अठराव्या शतकातील प्रबुद्धता व औद्योगिक क्रांती या क्रमाने आधुनिक पाश्चात्त्य संस्कृतीचे रूप सिद्ध झाले. तात्पर्य, ही संस्कृती एकजिनसी नसून अनेक प्रवाहांच्या संगमातून झालेली आहे. आणि त्यांतील काही प्रवाह पूर्वेकडील आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी : लोणावळे हे सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सु. ६२५ मी. उंचीवर, पुण्याच्या वायव्येस सु. ६४ किमी.वर आहे. पश्चिमेस कडा तुटून कोकण सुरू होते. पूर्वेस इंद्रायणीचे खोरे दख्खनच्या पठारात उतरते. कल्याण, सोपारे व चौल या बंदरांतून देशावर जाणारा एक महत्त्वाचा मार्ग याच घाटाने चढतो. भाजे, कार्ले व बेडसे येथील लेणी आणि लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले या मार्गाच्या आश्रयाने उभे आहेत. परकीय माल, माणसे व कल्पना यांना देशावर येण्यास हे एक द्वारच होते. या प्रदेशाचे नावही प्राचीन आहे. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात ‘मामाल’ येथील अमात्यास उद्देशून राजाज्ञा आढळते. मामाल म्हणजेच आजचे मावळ होय.

यवन व पश्चिम किनाऱ्याचा व्यापार : यवन हा शब्द मूळ ग्रीकांच्या आयोनियन शाखेच्या नावावरून आला असून प्राचीन इराणी भाषेत तो ‘यउन’ व प्राकृतात ‘योन’, ‘योनक’ असा आढळतो. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक या योन राजाचा व त्याच्या पलीकडील तुरमाय, अंतेकिन, मग व अलिकसुंदर या चार ग्रीक राजांचा उल्लेख आहे. महावंस या सिंहली इतिवृत्तात अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत, धर्मप्रसारासाठी योन धर्मरक्षित यास पाठविल्याचे म्हटले आहे. यावरून भारतात ग्रीकांचा प्रवेश केवळ आक्रमक म्हणूनच नव्हे, तर बौद्ध धर्माचे अनुयायी म्हणूनही झाला होता, असे दिसते.

इ. स. पू. पहिल्या शतकापासून मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने तांबड्या समुद्रातून थेट भारतीय किनारा गाठण्याची वहिवाट पडली. इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रंथात भृगुकच्छ (भडोच), सोपारे, कल्याण व चौल या बंदरांची आणि पैठण व तगर (तेर) या देशावरील पेठांची माहिती आढळते. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे व काच हा माल येई. कापूस, तलम वस्त्रे, हस्तिदंत, अकीक व मसाल्याचे पदार्थ जात. कल्याण बंदरी चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही या ग्रंथात नमूद आहे. शक क्षत्रप व सातवाहन यांच्यातील व्यापारी चुरशीचे हे द्योतक होय. कोल्हापूरनजीक ब्रह्मपुरी येथे सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची मूर्ती हा या व्यापाराचा उत्कृष्ट पुरावा समजला जातो. मात्र पूर्वी सरसकट रोमन मद्यकुंभांची म्हणून ओळखली गेलेली पश्चिम किनाऱ्यावरील अनेक खापरे ही मेसोपोटेमियातील कुंभांची असल्याचे अलीकडील अभ्यासाने दाखवून दिले आहे. त्यामुळे या व्यापारातील इराणी आखाताचा वाटा पूर्वी समजला जाई त्याहून मोठा होता, असे मानावे लागते.

कार्ल्याचे यवन दाते : कार्ले (प्राचीन वलूरक) येथील चैत्यगृह सु. ३८ मी. लांब, सु. १४ मी. रुंद व जवळजवळ तितकेच उंच असून भारतातील खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे होय. ते इ. स. पहिल्या शतकात व दुसऱ्याच्या प्रारंभी कोरले गेले असावे. वैजयंती (बनवासी) येथील भूतपाल श्रेष्ठीने ते पूर्ण केल्याचा लेख दर्शनी भागावर आहे. परंतु हे काम एकट्या दात्याचे नाही. दाराचे काम करणारा सुतार सामी, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, सोपाऱ्याचा भाणक सातिमित, भिक्षू, भिक्षुणी व गृहिणी अशा अनेकांनी त्यास हातभार लावला. याच नामावळीत धेनुकाकट येथील सिहधय, यसवधन, धम्म इ. यवनांची नावे येतात. प्रत्येकाच्या नावे एकेका स्तंभाचे दान नोंदलेले आहे.

हे यवन कोण, याविषयी विद्वानांत एकमत नाही. नावे भारतीय वळणाची असल्यामुळे हे मूळचे ग्रीक असून बौद्ध धर्म स्वीकारल्यावर त्यांनी नवी नावे धारण केली, असे एक मत आहे. यवन ही येथे वंशवाचक संज्ञा नसून यवनांशी व्यापार करणाऱ्या भारतीयांनी लावलेले उपपद असावे, असे दुसरे मत आहे. धेनुकाकटाच्या स्थाननिश्चितीबाबतही मतभेद आहेत. काहींनी ते आंध्र प्रदेशातील धरणीकोट मानले, तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या परिसरातच असावे असे प्रतिपादिले. एका स्तंभशीर्षावरील स्फिंक्ससदृश आकृतीकडेही कोसंबींनी लक्ष वेधले. जुन्नर येथे इरिल, चिट व चंद या यवनांची आणि नासिक येथे दत्तामित्री नगरीच्या धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या योनकाची दाने नोंदलेली आहेत. त्यांपैकी इरिल हे नाव स्पष्टपणे अभारतीय दिसते. यावरून यवनांचा किमान काही भाग परदेशी मूळ असलेला होता, असे म्हणण्यास आधार मिळतो. कार्ल्याच्याच एका लेखातील सेतफरणाचा पुत्र हरफरण हे नाव इराणी वळणाचे आहे.

या दानलेखांचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. नासिकच्या प्रसिद्ध लेखात गौतमीपुत्र सातकर्णीचा गौरव शक, यवन व पल्हव यांचा संहारक असा केला आहे. कार्ल्याच्या संघाला शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक गाव दिले होते आणि पुढे सातवाहनांनी आपल्या आज्ञेने संघाचा हक्क कायम राखला. सत्तेच्या पातळीवर शत्रू मानले गेलेले लोक चैत्यगृहात मात्र सुतार, व्यापारी व भिक्षुणी यांच्या पंक्तीस बसले आहेत. त्यांचे दान इतरांच्या दानाहून मोठे नाही वा लहानही नाही. लेखांची भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी व श्रद्धा बौद्ध आहे. परका आला तो येथील होऊन गेला, असेच या संपर्काचे स्वरूप होते.

कला, नाणी व ज्योतिष यांवरील परिणाम : बेडसे व कार्ले येथील घंटाकृती स्तंभशीर्षे व त्यांवरील पशुयुग्मे यांचा संबंध इराणमधील पर्सेपलिस येथील शैलीशी जोडला जातो; ही परंपरा मौर्य कलेच्या द्वारा येथे आली असावी. मध्यदालन, दोन्ही बाजूंचे मार्ग व टोकाचा अर्धवर्तुळाकार भाग या मांडणीमुळे जेम्स फर्ग्युसन यांनी कार्ल्याच्या चैत्यगृहाची तुलना आरंभीच्या ख्रिस्ती चर्चवास्तूंशी केली होती. या साम्यावरून परस्पर-अनुकरणाचा निष्कर्ष काढता येत नाही. चैत्यगृहाचे मूळ येथील लाकडी वास्तूंत असून भाजे व कार्ले येथील छताला बसविलेल्या लाकडी कमानी त्याची साक्ष देतात.

नाण्यांच्या बाबतीत प्रभाव अधिक स्पष्ट आहे. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ब्राह्मी व खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरांतही लेख आढळतो. नासिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांच्या संचयात, त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाणी गौतमीपुत्राने पुन्हा छापलेली होती. द्रम्म, दाम हे शब्द ग्रीक द्राख्म्यावरून आणि दीनार हा रोमन दिनारियसवरून आलेला आहे. फलज्योतिषातील होरा, केंद्र, जामित्र, द्रेष्काण हे शब्द ग्रीक मूळचे असून यवनजातक हा संस्कृत ग्रंथ या देवघेवीचे फलित आहे. मराठी माणूस आज केंद्र हा शब्द शासनापासून शाळेपर्यंत सर्वत्र वापरतो, तेव्हा त्याच्या परकीय उगमाची जाणीवही त्याला नसते.

मध्यंतरीचा काळ : तिसऱ्या शतकानंतर रोमन व्यापार ओसरला. यवन हा शब्द हळूहळू पश्चिमेकडून आलेल्या कोणाही परकीयास, व पुढे मराठी बखरींच्या काळी मुसलमानांस, लावला जाऊ लागला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चौल व वसई येथे ठाणी वसविली. त्यांची सत्ता घाटावर आली नाही. पण अमेरिका खंडातील मिरची, तंबाखू, बटाटा, पेरू, अननस इ. पिके त्यांच्या व्यापारातून रुजली व घाट चढून देशावर पोहोचली. पाव, चावी, मेज, बटाटा यांसारखे शब्दही त्यांच्याबरोबर आले. लोणावळ्याची म्हणून प्रसिद्ध असलेली चिक्की ज्या भुईमुगाच्या दाण्यांची होते, तो भुईमूगही मूळचा दक्षिण अमेरिकेतील होय. गूळ येथला व दाणा तेथला असा हा संयोग आहे.

इंग्रजी अंमल व घाटरस्ता : मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या फौजेने लोहगड-विसापूर घेतले व मावळ इंग्रजांच्या अमलाखाली आला. बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला. त्यापूर्वी घाटातील वाहतूक प्रामुख्याने लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. १८७१ मध्ये मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने लोणावळा ‘शोधून काढला’ असा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये मुंबई सोडली व १८५९ मध्ये तो निधन पावला. त्यामुळे ही समजूत निराधार ठरते. ज्या घाटाच्या वाटेवर दोन हजार वर्षे माणसांची ये-जा होती, तो कोणी शोधून काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. स्थळांच्या नावांतही हाच प्रकार दिसतो. खंडाळ्याजवळील नागफणीच्या सुळक्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून ‘ड्यूक्स नोज’ हे नाव मिळाले. स्थानिकांच्या तोंडी मात्र नागफणीच राहिली.

बोरघाटाचा लोहमार्ग : मुंबई-ठाणे मार्ग १८५३ मध्ये सुरू झाल्यावर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीपुढे सह्याद्री ओलांडण्याचा प्रश्न उभा राहिला. प्रमुख अभियंता जेम्स बर्कली याच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले. घाटाखाली खोपोलीपर्यंत (१८५६) व घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत (१८५८) गाडी सुरू झाली होती. मधला घाट उतारू पालखी, तट्टू वा गाडी यांनी पार करीत. सु. २५ किमी. लांबीच्या या चढणीत मार्ग सु. ५५८ मी. चढतो. कमाल चढ ३७ स एक एवढा असून त्यासाठी २५ बोगदे व ८ मोठे दगडी पूल बांधण्यात आले. वळणास जागा नसलेल्या ठिकाणी गाडीची दिशा उलटविणारे स्थानक योजण्यात आले. पुढे १९२९ च्या सुमारास नव्या आखणीमुळे ते वगळले गेले. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला.

या कामावर जानेवारी १८६१ मध्ये सु. ४२,००० मजूर राबत होते. कडेलोटाच्या जागी दोरांना लोंबकळून सुरुंगाची भोके पाडावी लागत. पटकी व ताप यांच्या साथींत हजारो मजूर मृत्यू पावले. वेतन थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी उठाव केला. त्यानंतर पहिला ठेकेदार विल्यम फॅव्हिएल याने काम सोडले. त्याच्यामागून आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका आपल्याकडे घेऊन व्यवस्थापकांकरवी तो तडीस नेला. कंपनीला सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती व तिचा बोजा अंती भारतीय करदात्यावर पडे. रूळ व एंजिने इंग्लंडहून येत, तर खडक फोडणारे हात येथले होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील सुताराचे नाव आजही वाचता येते; बोरघाटात खपलेल्या मजुरांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत.

लोहमार्गाचे परिणाम दूरगामी झाले. पुणे-मुंबई प्रवास काही तासांवर आला. दख्खनचा कापूस व धान्य बंदरावर जाऊ लागले. घड्याळाचे वेळापत्रक, तिकीट व स्टेशन हे जीवनाचे घटक झाले. एकाच डब्यात भिन्न जातींच्या लोकांना बसावे लागल्याने स्पर्शास्पर्शाच्या कल्पनांना नकळत धक्का बसला. लमाणांचा व्यवसाय मात्र बुडाला. लोणावळा व खंडाळा येथे रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वसाहती, चर्च, शाळा व बंगले उभे राहिले. १८७७ मध्ये लोणावळ्यास नगरपालिका स्थापन झाली. हवापालटासाठी डोंगरावर जाणे ही यूरोपीय वैद्यकातून आलेली कल्पना मुंबईच्या पारशी, गुजराती व मराठी सुखवस्तू वर्गाने उचलली आणि ‘थंड हवेचे ठिकाण’ ही एक नवी सामाजिक संस्था रुजली.

जलविद्युत् व तिची किंमत : मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. घाटमाथ्यावर वर्षाला ४०० सेंमी.हून अधिक पडणारा पाऊस अडवून त्यापासून वीज निर्माण करण्याची कल्पना डेव्हिड गॉसलिंग याने जमशेटजी टाटा यांच्यापुढे मांडली. जमशेटजींच्या निधनानंतर (१९०४) दोराबजी टाटांनी १९१० मध्ये कंपनी स्थापन केली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील धरणांचे पाणी सु. ५२५ मी. खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले व १९१५ मध्ये मुंबईस वीज पोहोचली. इंद्रायणी-भीमेवाटे बंगालच्या उपसागरास मिळणारे पाणी अशा रीतीने अरबी समुद्राकडे वळले. तंत्र व यंत्रे पाश्चात्त्य असली, तरी भांडवल व पुढाकार भारतीय होता, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय.

या औद्योगिक संस्कृतीची दुसरी बाजू लगतच्या मुळशी खोऱ्यात प्रकट झाली. तेथील धरणाखाली जाणाऱ्या गावांतील मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह आरंभिला; पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. १९२४ च्या सुमारास लढा ओसरला आणि धरण पूर्ण झाले. यंत्रोद्योगाचा लाभ कोणाला व त्याची झळ कोणाला, हा प्रश्न भारतात संघटितपणे उभा करणाऱ्या पहिल्या लढ्यांपैकी हा एक होय. या लढ्यातील एक विसंगती लक्षणीय आहे. आक्रमक म्हणून समोर या वेळी परका नव्हता. पाश्चात्त्य औद्योगिक दृष्टी आता स्वकीयांनीच आत्मसात केलेली होती.

स्वीकार व प्रतिकार : पाश्चात्त्य विद्येचा मराठी समाजाने केलेला विचार एकमार्गी नव्हता. गोपाळ हरी देशमुख (लोकहितवादी) व गोपाळ गणेश आगरकर यांनी बुद्धिवादाचा पुरस्कार केला. जोतीराव फुले यांनी नव्या शिक्षणात शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा मार्ग पाहिला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी स्वत्व गमावण्याचा धोका दाखविला. मावळात या मंथनाची दोन ठळक उदाहरणे तळेगाव दाभाडे येथे आढळतात. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयाने राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग केला. सरकारी रोषामुळे १९१० मध्ये तो बंद पडला. अंताजी दामोदर काळे यांच्या प्रयत्नाने व लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने लोकांकडून पैसापैसा जमवून पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. त्यासाठी परदेशात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांचे साहाय्य घेण्यात आले. परक्या मालास विरोध व परक्या तंत्राचा स्वीकार असे हे धोरण होते.

प्राच्यविद्येच्या क्षेत्रातही असाच दुहेरी व्यवहार दिसतो. कार्ल्याची लेणी स्थानिकांना सदैव परिचित होती. चैत्यगृहाच्या दारालगतच्या एकवीरा देवीच्या दर्शनास कोकणातील कोळी व अन्य समाज आजही घाट चढून येतात. तथापि त्यांवरील लेखांचा अर्थ विस्मृतीत गेला होता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा पूर्ण केल्यावर तो वाचता येऊ लागला. जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. पुढे फ्रेंच विद्वान एमिल सेनार याने कार्ले व नासिक येथील लेखांचे संपादन केले. प्राचीन यवनांची ओळख पटविण्यास आधुनिक यूरोपीय व भारतीय विद्वानांचा असा सहयोग कारणीभूत झाला.

उलट दिशेचा प्रवाह : लोणावळ्याहून पश्चिमेकडे गेलेला प्रभावही नोंदण्याजोगा आहे. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण, रक्तदाबमापन इ. साधनांनी तपासण्याचे कार्य त्यांनी आरंभिले व योगमीमांसा या नियतकालिकातून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहानन यांनी येथे योगाभ्यास करून १९३७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. योग ही आज पाश्चात्त्य देशांत सर्वपरिचित झालेली साधना प्रयोगशाळेच्या परिभाषेत मांडण्याचा एक आरंभीचा प्रयत्न या डोंगरावर झाला. पद्धती पश्चिमेची व आशय येथला, असा हा मेळ होता.

स्वातंत्र्योत्तर काळ : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, लोणावळ्याजवळ नौसेनेचे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणारे हे केंद्र स्वातंत्र्यानंतर भारतीय नौसेनेचे एक प्रमुख प्रशिक्षण केंद्र बनले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यामुळे पर्यटन, बंगले व जमिनींचे व्यवहार प्रचंड वाढले. चंगळवादी राहणी, डोंगरांची तोड, पाण्याची टंचाई व केरकचरा यांचे प्रश्नही तीव्र झाले. त्यांचे खापर सरसकट पाश्चात्त्य संस्कृतीवर फोडण्याची प्रवृत्ती दिसते. ती योग्य नव्हे. निसर्गरक्षणाचे कायदे, वारसास्थळांचे जतन व नागरी हक्कांची मागणी यांनाही त्या संस्कृतीतील विचारांचे साहाय्य झाले आहे.

मूल्यमापन : मावळातील संपर्काचा इतिहास पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, पाश्चात्त्य व भारतीय संस्कृती या परस्परांपासून तुटलेल्या कधीच नव्हत्या. दोन, प्रभावाचे स्वरूप केवळ कल्पनांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेवर नव्हे, तर संपर्क बरोबरीचा की सत्तेचा यावर अवलंबून असते. प्राचीन यवन व्यापारी येथे राज्यकर्ता म्हणून आला नाही. म्हणून त्याला येथील भाषा व धर्म स्वीकारावासा वाटला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज राज्यकर्ता होता. म्हणून बदलण्याचा भार एतद्देशीयांवर पडला. तीन, ग्रहण करणारा समाज निष्क्रिय नसतो. लिपी, नाणे, लोहमार्ग, वीज व प्रयोगशाळा यांचा स्वीकार मराठी समाजाने आपापल्या गरजेनुसार केला, काहींना विरोध केला व काहींचे रूप पालटले. घेणे व देणे यांपैकी एकाचाच हिशेब मांडल्यास तो अपुरा राहतो. आणि त्या हिशेबात कार्ल्याच्या स्तंभांबरोबर बोरघाटातील अनामिक मजूर व मुळशीचे विस्थापित शेतकरी यांचीही नोंद असणे अगत्याचे आहे.